टिकाऊ मिलिटरी टाइप सॅक कशी निवडायची? तिसरी सॅक गेली राव

उसवलेला_खांदा

मंडळी, सल्ला हवाय. गेल्या काही वर्षांत माझ्या तीन सॅक गेल्या. शेवटची परवा बसमधून उतरताना गेली, म्हणजे बॅग वरच्या रॅकवरून ओढली, खांद्यावर घेतली आणि चर्रर्र आवाज आला. बघतो तर उजवा पट्टा हातात आणि पट्ट्याच्या मुळाशी दोन बोटं रुंदीचं कापडही त्याच्यासोबत आलेलं, पट्टा स्वतः एकदम ठणठणीत!! आतून पांढरी भुकटी पडत होती ती वेगळीच, लॅपटॉपवर कोंडा झाल्यासारखी.

वापर सांगतो. रोज लॅपटॉप, चार्जर, डबा, पाणी, थोडी हत्यारं (कामानिमित्त साइटवर फिरावं लागतं), म्हणजे ९-१० किलो सहज होतं. महिन्यातून एकदा दोन रात्रींचा ट्रेक, तेव्हा १२ च्या आसपास. आता ठरवलंय की एकदाच नीट मिलिटरी टाइप सॅक घ्यायची आणि विषय संपवायचा. पण शोधायला बसलो की डोकं गरगरतं. प्रत्येक ठिकाणी तेच, १०००डी, मिलिटरी ग्रेड, टॅक्टिकल, वॉटरप्रूफ. फोटोही तेच, डोंगरावर उभा दाढीवाला माणूस.

प्रश्न: ५००डी की १०००डी? पॉलिएस्टर चालेल का नायलॉनच हवं? बाहेरच्या त्या आडव्या पट्ट्यापट्ट्यांचा काही उपयोग असतो का नुसती शोभा? किती लिटरची घेऊ? आणि कॅमोफ्लाज रंग घ्यावा का, मला आवडतो पण बायको म्हणते माकड दिसशील.

सुईदोरा

बॅगा दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

आधी ते डी. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १०००डी म्हणजे तेवढ्या लांबीचा धागा एक किलोचा. रेशमाचा सुटा तंतू साधारण १ डेनियरचा असतो, त्यावरून अंदाज येईल. पण हा आकडा फक्त धागा किती जाड ते सांगतो. धागा कशाचा, वीण किती घट्ट, मागचा लेप कसला, यातलं काहीही कळत नाही. ९०० डेनियरचं सैल विणलेलं पॉलिएस्टर आणि ५०० डेनियरचं चांगलं नायलॉन शेजारी ठेवून दगडावर घासलं तर आधी पॉलिएस्टर विरतं, हे मी स्वतः करून पाहिलंय. घासण्यात नायलॉन पुढे, उन्हात मात्र पॉलिएस्टर जास्त टिकतं आणि पाणीही कमी पितं. दिवसभर टपावर उन्हात बॅग टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

कॉर्ड्युरा नाव दिसेल. ते कापडाचं नाव आहे, बॅगेचं नाही. गंमत म्हणजे १९२९ ला ड्यू पाँटने ते नाव काढलं तेव्हा तो रेयॉन होता, नायलॉन नंतर आलं. हाताला जरा खरखरीत, लोकरीसारखं लागतं. चांगलं कापड आहे यात वाद नाही.

पण खरं सांगू का, माझ्याकडे येणाऱ्या बॅगांमध्ये मधोमध कापड फाटलं म्हणून आलेल्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळ्या शिवणीत, चेनमध्ये नाहीतर पट्ट्याच्या मुळाशी गेलेल्या. तुमची पण तशीच. त्यामुळे बॅग घ्यायला गेलात की आधी चेन उघडा, बॅग उलटी करा आणि आतलं बघा. बाहेरून सगळ्याच बॅगा रुबाबदार दिसतात.

आत काय बघायचं? कापडाच्या कापलेल्या कडा उघड्या दिसतायत की त्यावर पट्टी (पायपिन म्हणा, गोठ म्हणा) शिवलीय. उघड्या असतील तर वर्ष-दीड वर्षात धागे सुटत सुटत शिवणीपर्यंत पोचतात, आणि मग शिवण उसवत नाही, कापडच शिवणीतून निसटतं. तुमच्या पट्ट्यासोबत कापड आलं त्याचं कारण हेच किंवा दुसरं, ते दुसरं असं की टाके फार जवळजवळ. लोकांना वाटतं जास्त टाके म्हणजे मजबूत. इंचाला सात-आठ ठीक, पंधरा घातले की सुईच्या भोकांची रांग होते आणि टपाल तिकीट फाटतं तसं सरळ रेषेत फाटतं.

मग पट्ट्याचं मूळ. खांद्याच्या पट्ट्याचं खालचं टोक थेट बाजूच्या शिवणीत खुपसलेलं असेल तर ती बॅग ठेवून द्या. तिथे कापडाचा त्रिकोणी कान हवा, म्हणजे ओढ एका बिंदूवर न येता चार-पाच इंचांच्या शिवणीवर पसरते. वरच्या टोकाला बारटॅक हवेत, ती जाड दाट आडवी टीप असते ना जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर, तीच. नाहीतर चौकोन आणि त्यात फुली अशी टीप. हॅंडलवरही तेच बघा.

चेन: मुख्य कप्प्याला १० नंबर, निदान ८. ५ नंबर छोट्या खिशाला. नंबर म्हणजे बंद दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर, रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा कोरलेला असतो. प्लॅस्टिकच्या गुंडाळीची चेन घ्या, धातूची नको. गुंडाळीची चेन मध्येच उघडली तर रनर मागे नेऊन परत ओढला की बऱ्याचदा जुळते, धातूचा एक दात गेला की बोंब.

आणि पांढरी भुकटी म्हणजे कापडामागचा पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिकच) लेप. दमट गरम जागी बॅग बंद करून ठेवली की तो सडतो, आधी चिकट होतो, वास मारतो, मग पापुद्रे सुटतात. तो परत पहिल्यासारखा बसत नाही, नाद सोडा.

एक विचारू? तिन्ही बॅगांचा एकाच बाजूचा पट्टा गेला का?

उसवलेला_खांदा

अरे बापरे, हो! तिन्ही वेळा उजवाच. माझा उजवा खांदा खाली आहे की काय?

सुईदोरा

खांदा ठीक असेल हो. तुम्ही बॅग उजव्या पट्ट्याने उचलता. दहा किलोची बॅग जमिनीवरून एका पट्ट्याने झटक्यात उचलली की त्या एका मुळावर दहापेक्षा बरंच जास्त येतं, वर ओढ तिरकी. दिवसातून पंधरा-वीस वेळा. मग हजार डेनियर असो नाहीतर दोन हजार. वरचं हॅंडल त्यासाठीच असतं, हॅंडलने मांडीपर्यंत घ्यायची आणि मग हात घालायचे.

पिट्टूवाला

सुईदोरांनी शिवणीचं सगळं सांगितलंच आहे, मी वजनाचं सांगतो. बरीच वर्षं पाठीवर पिट्टू (सैनिकाची पाठीवरची बॅग) घेऊन चाललोय, सरकारी खर्चाने.

पहिली गोष्ट, मिलिटरी ग्रेड नावाचा कुठला शिक्का नसतो. सैन्य बॅग घेतं तेव्हा प्रत्येक कापड, धागा, बक्कल, टीप याची लांबलचक यादी असते आणि त्यात जो बसेल, कमी पैशात देईल, त्याला काम मिळतं. त्या यादीत अशाही गोष्टी असतात ज्यांचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, उदाहरणार्थ रात्रीच्या दुर्बिणीत चमकू नये म्हणून कापडावर केलेली इन्फ्रारेडची प्रक्रिया. ऑफिसला जाताना कोण बघतंय तुम्हाला नाइट व्हिजनमधून?

आडव्या पट्ट्यांचं विचारलंत, त्याला मोली म्हणतात लोक. नीट बोलायचं तर मोली ही अमेरिकी सैन्याची १९९७ सालची पूर्ण पद्धत, बॅग, जाकीट, पाउच सगळं मिळून, त्याआधी १९७३ पासून अ‍ॅलिस होती. त्या पट्ट्यांच्या जाळीचं नाव पाल्स. एक इंच रुंद पट्टी, दोन पट्ट्यांमध्ये एक इंच अंतर, आणि दर दीड इंचावर उभी टीप. जोडायचा पाउच त्यातून विणत विणत आत-बाहेर न्यावा लागतो, नुसता अडकवायचा नसतो. स्वस्त बॅगेवर हे माप चुकलेलं असतं, दीडच्या जागी पावणेदोन, मग दुसरीकडचा पाउच बसता बसत नाही. दुकानात छोटी मोजपट्टी घेऊन जा. लोक हसतील, हसू दे. माझ्या अनुभवाने ही मापं बरोबर असली तर आतली शिवणही बहुतेक बरी निघते, कारण बनवणाऱ्याने काहीतरी मोजलं तरी असतं.

उपयोग म्हणाल तर एक पाउच हत्यारांचा बाहेर लावता येईल, घरी काढून ठेवता येईल, हे चांगलं. पण नवा माणूस पाच पाउच लटकवतो, बॅग मागच्या मागे ओढायला लागते, बसच्या दारात अडकते आणि महिन्याभरात सगळे काढून कपाटात जातात. जड वस्तू पाठीला चिकटून आत, हा नियम.

आता मुख्य. १० किलोच्या वर रोज वाहणार असाल तर कमरेचा पट्टा आणि पाठीला ताठ फळी हवी. कमरेचा पट्टा म्हणजे नुसती एक इंची पट्टी नाही, ती फक्त बॅग हलू देत नाही. भरीव, रुंद, जो कंबरेच्या हाडावर बसतो आणि निम्म्याहून जास्त भार खांद्यावरून काढतो. आत प्लॅस्टिकची फळी नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी नसेल तर कमरेचा पट्टा आवळला तरी बॅग वाकते आणि भार परत खांद्यावर येतो.

आणि पाठीचं माप घ्या. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक हाड टोचतं, तिथपासून कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत. हे माप माणसाच्या उंचीवर नसतं. मी उंच आहे पण पाठ आखूड, आणि सैन्याच्या बॅगांची पाठ बऱ्याचदा एकाच मापाची, ती जमली तर जमली. पहिली दोन वर्षं माझा कमरेचा पट्टा कमरेवर नाहीच, जवळजवळ मांडीवर बसायचा, चालताना बदकासारखा चालायचो.

लिटर: तुमच्या वापराला ३० ते ४०. बाहेरच्या साइट्सवर घनइंच लिहितात, १००० घनइंच म्हणजे १६.४ लिटर धरा. ६० ची घेऊ नका, जेवढी जागा तेवढं सामान, आपला स्वभावच आहे.

हलकंफुलकं

मला एक कळत नाही, मिलिटरीच का? रिकामी ४० लिटरची टॅक्टिकल बॅग दीड-दोन किलोच्या घरात जाते, कधी त्याहूनही वर. तेवढ्याच मापाची साधी ट्रेकिंग सॅक किलो-सव्वा किलोत मिळते, पाठीला हवा खेळते, कमरेचा पट्टा चांगला, पाठीची उंची कमीजास्त करता येते. एवढ्या पट्ट्या आणि वेल्क्रो वाहून नेण्यात काय शौर्य आहे. शिवाय त्या पट्ट्या पावसात पाणी पितात, बॅग अजून जड. वेल्क्रोत तर गवत, केस, लोकरीचे धागे, सगळं संग्रहालय जमतं.

पिट्टूवाला

ट्रेकपुरतं तुमचं बरोबर आहे, वाद घालत नाही. पण ते रोज साइटवर हत्यारं घेऊन जातात, बॅग सिमेंटवर आपटते, सळ्यांना घासते. हलक्या ट्रेकिंग सॅकचं २१० डेनियरचं कापड तिथे किती दिवस टिकेल? आणि जाळीचे खिसे? जाळी पहिल्या आठवड्यात जाते.

सुईदोरा

जाळीच्या बाबतीत दुजोरा. खिळ्यात अडकली की संपली. ट्रेकिंग सॅकवाले माझं चांगलं गिऱ्हाईक आहेत, जाळीमुळेच ;)

५००डी-१०००डी चं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ५०० नायलॉन घ्या आणि तळाला १०००, किंवा तळ दुहेरी. सगळीच १००० ची घेतली तर ताठ राहते, भरता येत नाही, वजन वाढतं, आणि झिजतो शेवटी तळ आणि खालचे कोपरेच. तळाला एखादं धातूचं भोक असेल पाणी निघायला तर उत्तमच.

उसवलेला_खांदा

खूप खूप आभार. हलकंफुलकं, तुमचा मुद्दा पटतोय पण साइटवर खरंच आपटते हो बॅग.

अजून एक. एकाकडे जुनी सैन्याची खरीखुरी बॅग विकायला आहे, म्हणतो अस्सल सरप्लस (सैन्याने विकून टाकलेला जादा माल) आहे. आत कापडी लेबल आहे, त्यावर ८४६५ ने सुरू होणारा लांब आकडा. खरी असेल का? आणि वॉटरप्रूफ लिहिलेल्या बॅगेत पाणी कसं शिरतं हेही कोणीतरी सांगा, माझ्या दोन्ही जुन्या वॉटरप्रूफच होत्या.

लेबलवाचक

८४६५ हे चांगलं लक्षण. नाटोचा स्टॉक नंबर १३ आकडी असतो. पहिले चार वस्तूचा वर्ग, ८४६५ म्हणजे सैनिकाचं वैयक्तिक साहित्य, त्यात बॅगा, पट्टे वगैरे. पुढचे दोन आकडे देशाचे, ०० किंवा ०१ असेल तर अमेरिका, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, ९९ ब्रिटन. विकणारा ब्रिटिश म्हणतोय आणि ८४६५ च्या पुढे १२ असेल तर एक तर तो फेकतोय किंवा त्यालाच माहीत नाही. ब्रिटिश बॅगेच्या लेबलवर आयआरआर दिसलं तर ते वर सांगितलेलं इन्फ्रारेडचं. पण लेबल काय, तेही छापता येतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

जुनी घेताना नाक वापरा. आत डोकं घालून वास घ्या, आंबट किंवा उलटीसारखा वास आला तर लेप सडायला लागलाय. मग आतल्या बाजूवर अंगठा दाबून सोडा, चिकटला तर पैसे परत खिशात. मी एक घेतली होती, बाहेरून कोरी करकरीत, कोणीतरी वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेली. पहिल्याच पावसाळ्यात आतला सगळा लेप कपड्यांना लागला, ते शर्ट अजून पुसायला वापरतोय. बक्कलंही बघा, जुनं प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होतं, दहा वेळा उघडझाप करा. खांद्याच्या पट्ट्यातला फोम दाबून बघा, दोन बोटं एकमेकांना लागली तर तो मेलाय.

पावसाळी

वॉटरप्रूफचं मी सांगते. कापड वॉटरप्रूफ असेल हो, पण बॅग म्हणजे कापड अधिक सुईची हजारो भोकं अधिक चेन. पाणी तिथून येतं. शिवणींवर आतून टेप लावलेली नसेल तर वॉटरप्रूफ या शब्दाला काही अर्थ नाही, आणि अशा बॅगांत ती क्वचितच असते. वरून घालायचं कव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं, मानेवरून ओघळलेलं पाणी थेट आत. मी कव्हर सोडून दिलं, आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, तोंड पिळून दुमडायचं, लॅपटॉप वेगळ्या पिशवीत. बॅग ओली होऊ दे की.

कॅमो: बायकोचं ऐका :) आणि बाहेर फिरायला जाणार असाल तर अजून एक कारण. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशांत सामान्य माणसाने कॅमोफ्लाज वापरायलाच बंदी आहे, विमानतळावरच अडवू शकतात. मातकट, करडा, काळा असले रंग बरे. काळा उन्हात तापतो एवढंच. आणि जास्त मिलिटरी दिसणारी बॅग चोराला सांगते की आत काहीतरी महागाचं आहे, हे आपलं माझं मत.

उसवलेला_खांदा

अपडेट देतो. काल दुकानात जाऊन सहा बॅगा उलट्या केल्या, मोजपट्टीसकट. दुकानातला पोरगा आधी वैतागला, मग तोही बघायला लागला. सहापैकी चारांच्या कडा आत उघड्या. एकाच्या चेनवर वायकेके (नावाजलेली चेनची कंपनी) कोरलेलं, पण दोन रनरवरची अक्षरं वेगवेगळी, म्हणजे नक्कल असावी. एका "१०००डी" वाल्याच्या पट्ट्याचं टोक शिवणीत नुसतं खुपसलेलं, बोटाने ओढलं तर टाके तोंड वासायला लागले. एक आवडली, ३५ लिटर, तळ दुहेरी, त्रिकोणी कान आहेत, पाल्सची मापं तंतोतंत. पण पाठ मला लांब पडते, पिट्टूवाला साहेबांचं बदक आठवलं. दुसऱ्या मापाची मागवलीय, यायला वेळ लागेल.

सरप्लसवाल्याची बॅग नाकाने नापास केली.

तोवर परवा फाटलेलीच वापरायचीय. सुईदोरा, तो पट्टा घरी शिवता येईल का? आईचं जुनं पायाचं मशीन आहे.

सुईदोरा

पायाचं मशीन असेल तर येईल, नव्या फॅन्सी मशीनपेक्षा तेच बरं. १८ नंबरची सुई, नायलॉनचा जाड दोरा (सुती नको, कुजतो). आधी फाटलेल्या कापडाच्या कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळून अलगद नेऊन वितळवून घ्या, जवळून, ज्योतीत नाही, नायलॉन थेंब थेंब गळतं आणि हाताला चिकटलं की कातडी घेऊन येतं. मग जुन्या बॅगेच्या तळाचा तुकडा कापून मोठा त्रिकोण करा, निदान हाताच्या पंजाएवढा, एक आतून एक बाहेरून, मध्ये फाटलेलं कापड, सँडविच. पट्टा त्या त्रिकोणाच्या टोकाला, चौकोन-फुली टीप. जिथे जाड होईल तिथे पायाने मारू नका, चाक हाताने फिरवा, नाहीतर सुई तुटून डोळ्याकडे येईल.

आणि डाव्या बाजूलाही तसाच त्रिकोण लावून टाका. उजव्याने उचलायचं सोडलंत की आता डाव्याने उचलाल.

उसवलेला_खांदा

आजच सकाळी डाव्याने उचलली. लिहिणार नव्हतो.